आईने बोललेला नवस हेच माझे पाचारण मानावे का?

ओतकामवाला (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

मी कोल्हापूरचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करतो. पत्नी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी पहिलीत आहे आणि आई आमच्याजवळ असते. माझ्या आधी आईची दोन मुले गेली. माझ्या वेळी दिवस राहिल्यावर तिने प्रार्थनेत देवाला शब्द दिला की हे मूल जगले तर ते तुझ्या सेवेला देईन. ही गोष्ट घरापुरती राहिली नाही. आमच्या मंडळीतील सगळी जुनी माणसे ती जाणतात, आणि शब्बाथ शाळेत पाठांतराचे बक्षीस घेताना "हा आपला शमुवेल" असे (बायबलमधल्या, आईच्या नवसाने जन्मलेल्या संदेष्ट्याचे नाव घेऊन) म्हणत माझ्या डोक्यावर कितीतरी हात ठेवले गेले आहेत. बारावीनंतर मी डिप्लोमाला गेलो, पुढे नोकरीला लागलो, तेव्हा कोणी रागावले नाही. देव आपली वेळ पाहतो, एवढेच सांगण्यात आले. आता आमच्या पाळकसाहेबांची निवृत्ती तोंडावर आली आहे. मी नोकरी सोडून धर्मशिक्षणासाठी पुण्याला जावे, म्हणजे आईचा शब्द पुरा होईल आणि मंडळीलाही आपल्यातलाच पाळक मिळेल, असे मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, घरी येऊन सुचवले आहे. आई स्वतः आग्रह करत नाही, आणि त्यामुळेच नकार देणे अधिक जड जाते.

माझा विश्वास डळमळला आहे म्हणून मी हे विचारत नाही. तरुण संघाचे काम मी पाहतो, उपासनेत वचन वाचतो, आजारी माणसांच्या घरी प्रार्थनेला जातो. परंतु वेदीपाशी उभे राहावे अशी ओढ मला कधी लागली नाही. ज्याला लोक पाचारण म्हणतात त्याच्या जवळ जाणारे काही मी अनुभवले असेल तर ते कारखान्यात. गेल्या पावसाळ्यात पंपाच्या केसिंगचा एक लॉट फेटलिंगनंतर (ओतीव भाग साफसूफ केल्यावर) तपासणीला आला आणि त्यात ब्लोहोल, म्हणजे आत हवा अडकून पडलेली छिद्रे, निघाली. अशा छिद्रांत पुट्टी भरून, वरून ग्राइंडर फिरवून प्रायमरचा हात दिला, की डोळ्यांना काहीही दिसत नाही. पाण्याचा दाब देऊन चाचणी घेतली तरच ते झिरपू लागते. गाडी दारात उभी होती आणि माल सोडावा म्हणून वरून फोनवर फोन येत होते. मी सही केली नाही. लॉट भंगारात गेला, पुन्हा भट्टीत पडला, आणि काही दिवस माझ्याशी कोणी धड बोलले नाही. त्या वेळी मी जिथे असायला हवे तिथेच आहे, अशी जी स्वच्छ खात्री मनाला वाटली, ती मला व्यासपीठावर कधीही वाटलेली नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. आईने माझ्या जन्माआधी बोललेला नवस मला बांधतो का? आणि तो बांधत नसेल, तर पाचारण आले आहे की नाही हे माणसाने ओळखायचे कशावरून?

नागाळापार्ककर

मी निवृत्त शिक्षक आहे. मंडळीत वडील म्हणून काम केलेले असल्याने तुमच्या घरी आलेल्या माणसांच्या जागी मीही बसलेलो आहे, हे आधीच सांगतो.

तुम्हाला शमुवेल म्हटले गेले, तर ती कथा पुरती वाचू या. हन्नाने शिलो येथे नवस केला, मूल झाले, दूध तुटल्यावर तिने ते तिथल्या मंदिरातील याजक एलीच्या स्वाधीन केले, आणि तिथे तिचा नवस फिटला. तिच्या वाटणीचे होते ते तिने केले. पुढे शमुवेल मंदिरात वाढला, तागाचे एफोद घालून सेवा करू लागला; तरीही तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की त्याला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. म्हणजे आईचा नवस, मंदिरातले वास्तव्य, अंगावरचे वस्त्र आणि हातातली सेवा हे सगळे असूनही पाचारण झालेले नव्हते. ते एका रात्री वेगळे आले, नाव घेऊन आले, आणि ते इतके अनोळखी होते की मुलगा पुन्हा पुन्हा उठून एलीकडेच धावत गेला. आपल्या मंडळ्यांत ही कथा नवसापाशी सुरू होते आणि "बोल, तुझा दास ऐकत आहे" यापाशी संपते; मधली वर्षे कोणी सांगत नाही.

आईबापांच्या नवसाची दुसरी कथा शास्ते पुस्तकात आहे आणि ती उपासनेत क्वचितच वाचली जाते. इफ्ताहाने नवस केला आणि त्याची किंमत मुलीने मोजली. त्या नवसाला देवाने होकार दिल्याचे त्या अध्यायात कोठेही लिहिलेले नाही.

मार्टिन ल्यूथरचे उदाहरण तुमच्या अगदी उलट आहे, म्हणून उपयोगी पडेल. बापाला मुलगा वकील व्हायला हवा होता. २ जुलै १५०५ रोजी एर्फुर्टजवळ स्टोटरनहाइम येथे वादळात सापडलेल्या ल्यूथरने जिवाच्या भीतीने संन्यासी होण्याचा नवस केला आणि मठात गेला. बापाने पुढे त्याला विचारले की तो आवाज देवाचाच होता हे कशावरून, आणि आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेचे काय? ल्यूथर तो प्रश्न विसरला नाही. १५२१ मध्ये मठातल्या व्रतांविषयी त्याने जे लिहिले ते बापालाच अर्पण केले, आणि भीतीपोटी घेतलेले व्रत माणसाच्या विवेकाला बांधू शकत नाही, या निष्कर्षापर्यंत तो येऊन पोहोचला होता. इथे तर भीती तुमच्या आईची होती आणि व्रत तुमच्या नावावर चढले आहे.

त्यामुळे पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. दुसऱ्या प्रश्नाला इतके सरळ उत्तर नाही, आणि कारखान्यातल्या त्या खात्रीवरून तुम्ही लगेच निकाल काढू नये, असेही मला वाटते.

बावडेकर

मी ख्रिस्ती नाही, पण नवस या विषयावर कोल्हापूरकराला बोलता येतेच. जोतिबाला, अंबाबाईला नवस बोलणारी माणसे मी जन्मभर पाहिली. आमच्याकडे साधा नियम आहे: ज्याने बोलला त्याने फेडायचा. दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला नवस फिटला असे कोणी धरत नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. आपल्याच भागात आजारी मूल बरे व्हावे म्हणून मुलगी यल्लम्माला सोडण्याची चाल होती, तिच्याविरुद्ध १९३४ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, आणि त्यानंतरही गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात कार्यकर्त्यांना कित्येक वर्षे लढावे लागले. तुमच्या आईने केले ते तसे मुळीच नाही, हे मला समजते. पण मूल देवाला द्यायचे ठरवताना त्या मुलाला कोणी विचारले नाही, हा धागा दोन्हीकडे आहे.

मिरजेची सिस्टर

बावडेकरांची तुलना मला टोचली, पण खोडून काढता आली नाही. त्यात माझी एक भर: धागाकर्त्यांच्या जागी मुलगी जन्मली असती, तर मंडळीने तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला शमुवेल म्हटले असते का? आमच्या चर्चमध्ये आज स्त्रियांनाही दीक्षा मिळते, तरी नवसाची मुलगी पाळक व्हावी असे म्हणत वडीलमंडळी कोणाच्या घरी गेल्याचे मी ऐकलेले नाही.

मी निवृत्त परिचारिका. मिरजेला शिकले. तिथल्या रुग्णालयाची कथा आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते: विल्यम वानलेस १८८९ साली या देशात आले, १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, पुढे सांगलीजवळ क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले आणि त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. आमच्या पिढीला ही कथा पाचारणाची कथा म्हणून सांगितली गेली. मी स्वतः मात्र अशा कोणत्याही हाकेला ओ देऊन गेले नाही. घरात खाणारी तोंडे फार होती, शिकताना राहण्याची सोय होती आणि थोडे विद्यावेतन मिळत होते, म्हणून वडिलांनी घातले.

पाचारण मला वॉर्डात सापडले, आणि तेही उशिरा. भाजलेल्या माणसाचे ड्रेसिंग बदलताना चिकटलेली गॉज ओढून काढायची नसते. सलाइनने ती भिजवायची, थांबायचे, कडेपासून थोडी सुटली की पुन्हा भिजवायची. नवशिक्या मुलींना घाई असते, कारण पुढचे सहा पलंग वाट पाहत असतात. एका बाईंची पट्टी मी अशी सोडवत असताना मला अचानक जाणवले की या थांबण्यात माझी प्रार्थना चालली आहे, आणि हे काम कोणी काढून घेतले तर मी अर्धी होईन. आवाज आला नाही. दृष्टान्त झाला नाही. त्या आधीची वर्षे वाया गेली होती असेही मला कधी वाटले नाही.

म्हणून "मला ओढ लागत नाही" हे तुमचे वाक्य मी निर्णायक मानणार नाही. बायबलमधले संदेष्टेच पाहा. मोशेला ओढ नव्हती, तो तोंडाने जड असल्याचे कारण सांगत राहिला. यिर्मया वयाच्या आड लपला. योना तर जहाजात बसून उलट्या दिशेला निघाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले ते विधवांच्या शिक्षणासाठी. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांच्या दारात आणल्या, आणि केडगावचे सगळे काम त्यातून वाढले. त्यांना काय आवडत होते, हे त्या मुलींनी विचारले नव्हते. ओढ नसणे हे नकाराचे कारण असू शकते, पण ते एकटे पुरेसे नाही.

पाळकाचा मुलगा

सिस्टर, आपला आदर राखून मी दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी घरात पाहिली आहे.

आमच्या समाजात पाचारण आणि पगार यांची गाठ मिशनच्या काळात पडली. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यानंतर इथे शाळा, दवाखाने, वसतिगृहे निघाली आणि ख्रिस्ती झालेल्या माणसाला शिक्षक, उपदेशक, कंपाउंडर, बायबलवाली बाई अशा जागा मिळाल्या. ज्यांना जातीने आणि गावाने बाहेर काढले होते त्यांना या जागांनी जगवले, हे खरे. पण त्यातून अशी समजूत रुजली की देवाची सेवा म्हणजे मिशनची नोकरी, आणि बाकीची माणसे पोट भरतात. मिशन गेले, समजूत राहिली. आजही एखादा मुलगा बँकेत लागला की त्याचे अभिनंदन होते आणि सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, गेला की त्याची साक्ष होते, देवाने त्याला कसे बोलावले हे मंडळीपुढे सांगितले जाते. उद्यमनगरात लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्या कामाविषयी साक्ष द्यायला कोणी कधी बोलावले आहे का?

ही गाठ नारायण वामन टिळकांना टोचली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या आणि मिशनच्या सेवेत आयुष्य घालवलेल्या त्या माणसाने १९१७ मध्ये ती सेवा सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला घेतला. त्यानंतर ते दोनच वर्षे जगले. पगार सोडल्यावर त्यांचे पाचारण कमी झाले, असे कोणी म्हणेल असे मला वाटत नाही.

धागाकर्ते, तुमच्या मंडळीत एक जागा रिकामी होत आहे. ती भरण्याची सर्वांना काळजी आहे, आणि त्या काळजीला तुमच्या आईच्या जुन्या शब्दाचा आधार सापडला आहे. रिकामी जागा म्हणजे पाचारण नव्हे. वडिलांच्या बदल्यांपायी मी शाळा बदलत राहिलो, घर चर्चचे होते, आणि निवृत्तीच्या महिन्यात ते रिकामे करायचे होते. ओढ असलेल्या माणसालाही हे जड जाते. ओढ नसलेल्या माणसाला त्यात ढकलणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहेच, त्याहून मोठा अन्याय त्याच्या हाती सोपवलेल्या मंडळीवर आहे.

नागाळापार्ककर

पाळकाच्या मुलाने लिहिलेले बरेचसे मान्य आहे, पण "रिकामी जागा म्हणजे पाचारण नव्हे" हे वाक्य मी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. बायबलमधल्या नहेम्याला, परक्या राजाच्या दरबारातल्या यहुदी सेवकाला, कोणताही आवाज आला नव्हता. यरुशलेमेचा तट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत, एवढी बातमी भावाकडून कळली. तो रडला, उपवास केला, किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत (सुमारे चार महिने) प्रार्थना करत राजाला प्याला देण्याची नोकरी करत राहिला, आणि मग रजा मागितली. उणीव दिसणे आणि ती आपल्यालाच छळत राहणे, हेही पाचारणाचे एक रूप आहे. पाहायचे ते इतकेच, की ही रिकामी जागा धागाकर्त्यांना छळते आहे की फक्त मंडळीच्या वडिलांना.

ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून आमच्या कोल्हापूरच्या मंडळ्या आल्या, तिच्यात पाचारणाला दोन बाजू मानलेल्या आहेत. त्या परंपरेचा मूळ धर्मसुधारक कॅल्व्हिन याने एक अंतःकरणातले, गुप्त पाचारण सांगितले आणि दुसरे मंडळीने उघडपणे दिलेले. एकच बाजू असली तर काम होत नाही. नुसते "मला देवाने सांगितले" म्हणणारा उमेदवार मंडळीने तपासल्यावाचून घेऊ नये, आणि मंडळीने बोट दाखवले म्हणून मनात काहीही नसलेल्या माणसाने उठू नये. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि पौल यांना वेगळे केले ते उपास आणि प्रार्थना करत असताना, आणि ते दोघे आधीपासून त्या कामात होतेच. तुमच्या बाबतीत उघड बाजू फार लवकर, तुमच्या जन्माआधीच आली. त्यामुळे आतल्या बाजूला उगवायला जागाच मिळाली नसेल, अशीही शक्यता मी धरतो.

याच गावात १८६३ साली जन्मलेल्या रॉबर्ट वाइल्डरची आठवण होते. वर ज्यांचा उल्लेख आला त्या मिशनऱ्याचाच हा मुलगा. अमेरिकेत १८८६ साली माउंट हर्मन येथील शिबिरात त्याच्या खटपटीने शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जाण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या आणि त्यातून मोठी चळवळ झाली. त्या प्रतिज्ञेतसुद्धा देवाने परवानगी दिली तर, अशी अट होती. पुढच्या काळात सही करणाऱ्यांपैकी पुष्कळजण कधीच गेले नाहीत, आणि त्यांना शब्द मोडणारे म्हणणे मला योग्य वाटत नाही.

कॅथलिक शेजारी

आमच्याकडे या तपासणीची जुनी पद्धत आहे, तिचा उपयोग व्हावा म्हणून लिहितो. लोयोलाचा इग्नेशियस हा मुळात सैनिक. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या त्याने एक गोष्ट टिपली. दरबार आणि पराक्रम यांची स्वप्ने पाहताना त्याला आनंद व्हायचा, पण नंतर मन कोरडे पडायचे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की तो आनंद नंतरही टिकायचा. या टिकण्याकडे आणि विरण्याकडे लक्ष देणे, हाच त्याच्या पुढच्या सगळ्या शिकवणीचा पाया झाला.

त्याने काही फार व्यवहारी सूचना दिल्या आहेत. मन कोरडे आणि अस्वस्थ असेल त्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये. निर्णय करायचा असेल तर अगदी आपल्याच परिस्थितीतला एखादा अनोळखी माणूस सल्ला मागायला आला आहे अशी कल्पना करावी, आणि त्याला आपण काय सांगू ते पाहावे. आपण मरणाच्या दारात आहोत आणि त्या वेळी कोणती निवड केलेली असावी असे वाटेल, हेही स्वतःला विचारावे. हे दोन्ही प्रश्न माणसाला त्याच्या भीतीपासून आणि आईच्या डोळ्यांपासून थोडे दूर नेतात.

एक खुलासाही करतो. धर्मगुरू आणि सिस्टर यांनाच पाचारण असते, असा आमचा समज असल्याचे पुष्कळांना वाटते. आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट सांगितले की पावित्र्याचे पाचारण प्रत्येक विश्वासी माणसाला आहे, मग तो संसारी असो की व्रतस्थ. अर्थात आमच्या पॅरिशमध्येही हे अजून सर्वांच्या अंगवळणी पडलेले नाही.

धागाकर्त्यांना माझा प्रश्न वेगळाच आहे. पत्नीचे म्हणणे काय? एवढ्या चर्चेत त्यांचा उल्लेख एकदाच आला आहे.

ओतकामवाला (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पत्नीचे म्हणणे मी मुद्दाम टाळले नव्हते, पण प्रश्न योग्य जागी लागला. ती म्हणते की तिने लग्न केले ते पाळकाशी नव्हे, आणि मंडळीचे वडील घरी आले तेव्हा तिच्याशी कोणी बोललेच नाही. ती चहा करून आत गेली. मला खरोखर ओढ लागलेली दिसली तर ती नोकरी सांभाळून साथ देईल, पण सासूबाईंच्या नवसासाठी मुलीची शाळा मोडणार नाही. यात मला काही चुकीचे दिसत नाही.

अनोळखी माणसाला सल्ला देण्याचा प्रयोग मी रात्रपाळीत करून पाहिला. त्याला मी "जाऊ नकोस" असे सांगितले नाही. "अजून जाऊ नकोस" असे सांगितले. तो "अजून" कोठून आला हे मला कळलेले नाही.

सेवेतला एक

मी पन्हाळा भागातल्या एका ग्रामीण मंडळीत पाळक आहे. सेवेत येण्याआधी मशीन शॉपमध्ये होतो, त्यामुळे पुट्टी आणि प्रायमरचा प्रकार चांगला ओळखतो.

प्रथम कारखान्याविषयी. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर आहे. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले ते सोने, चांदी, पितळ यांचे काम करण्यासाठी, रत्ने जडवण्यासाठी आणि लाकूड कोरण्यासाठी. पौलाने करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवले आणि सुवार्ताही सांगितली. मार्काच्या पाचव्या अध्यायातला भुतांनी पछाडलेला माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर येऊ देण्याची विनंती करतो, आणि येशू त्याला नको म्हणतो. घरी जा, आपल्या माणसांना सांग, असे सांगून त्याला परत पाठवतो. ज्याला मागे यायचे होते त्याला घरी पाठवले, आणि जाळी टाकत बसलेल्यांना उठवून नेले. दोन्ही पाचारणेच. तेव्हा सही न करता तुम्ही जे केले ते सेवेच्या अलीकडचे काही होते, असे कृपया समजू नका. त्या पंपावर कोणाचे तरी शेत किंवा कोणत्या तरी गावाचे पाणी चालणार होते.

पण शिक्षकसाहेबांचा इशाराही मी पुढे नेतो. तुम्ही व्यासपीठाची तुलना कारखान्याशी केलीत. पाळकाचे काम व्यासपीठावर फार थोडे असते. माझा गेला आठवडा दफनभूमीच्या कुंपणावरून दोन घरांत लागलेला वाद, गळणारे छप्पर, मुलाच्या दारूने थकलेली एक आई, आणि पुण्याला नेऊनही न वाचलेल्या एका तरुणाचे दफन यांत गेला. उपदेश शनिवारी रात्री तयार झाला. तुम्ही आजाऱ्यांच्या घरी जाता असे ओझरते लिहिले आहे. तिथून परत येताना मन कसे असते, हे मात्र लिहिलेले नाही. ओढ असेल तर ती तिथे शोधावी. व्यासपीठाची ओढ असलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांची मला काळजी वाटते.

प्रक्रियेविषयी थोडेसे. उमेदवाराला आधी त्याच्या मंडळीची शिफारस लागते, मग वरच्या समितीपुढे मुलाखत होते, आणि नंतर सेमिनरीत काही वर्षांचे शिक्षण. दीक्षा त्याच्याही पुढे. तुम्ही आज हो म्हटलेत तरी पाळकसाहेबांच्या निवृत्तीनंतरची जागा तुमच्या हातून भरली जाणार नाही. ती बदलीनेच भरेल. हे तुमच्या वडीलमंडळींना नक्की ठाऊक आहे. तेव्हा घाईचे कारण उरत नाही.

मी एक मार्ग सुचवतो. आमच्या भागात अशा वस्त्या आहेत जिथे पाळक महिन्यातून एखाद्या रविवारीच पोहोचतो. बाकीच्या रविवारी एखादा वाचता येणारा माणूस उपासना चालवतो. नोकरी न सोडता वर्षभर अशा एका वस्तीची जबाबदारी घ्या. उपदेश करा, पण त्याहून अधिक म्हणजे दुपारी तिथे थांबा, माणसांची गाऱ्हाणी ऐका, कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल तर न्या. पत्नीला एकदा तरी सोबत न्या, चहा करायला नव्हे. वर्षअखेरीला त्या वस्तीतल्या माणसांनाच विचारा की यांना पाठवावे का. तुमच्या मंडळीने तुम्हाला तुमच्या आईचा मुलगा म्हणून पाहिले आहे. ती माणसे तुम्हाला तुमच्या कामावरून पाहतील.

पाळकाचा मुलगा

हे मला पटते. फक्त वर्षानंतर उत्तर नाही असे आले, तर ते नाहीच धरले जाईल असे त्या वडिलांकडून आधी कबूल करून घ्यावे. नाहीतर पुढच्या रिकाम्या जागेला पुन्हा शमुवेल निघेल.

ओतकामवाला (धागाकर्ता)

येत्या रविवारी उपासनेनंतर वडीलमंडळींना भेटून हाच प्रस्ताव ठेवतो, आणि कबुलीचेही बोलतो. पत्नीला बरोबर घेऊन बसणार आहे. आजाऱ्यांच्या घरून परतताना मन कसे असते, या प्रश्नाचे उत्तर मी इथे लिहायला घेतले होते. ते अर्धवट राहिले आहे, ते पाळकसाहेबांना प्रत्यक्ष भेटून सांगेन.

एकच अडचण शिल्लक आहे. आईला हे कसे सांगावे? वर्षभराची चाचणी म्हटले की तिला ती नकाराची सुरुवात वाटेल.

मिरजेची सिस्टर

वडीलमंडळींच्या आधी आईला सांगा, रविवारची वाट पाहू नका. सांगताना पवित्र शास्त्रातले दाखले देऊ नका. तिने ते तुमच्यापेक्षा अधिक वेळा वाचलेले असतात. आधी गेलेल्या त्या दोन मुलांविषयी तिला विचारा. माझा अनुभव असा की अशा बायकांना त्याविषयी कोणीच विचारलेले नसते, सगळे नवसाविषयीच बोलतात. ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्या, आणि वस्तीचे बोलणे दुसऱ्या दिवशी काढा.